दहा मीटर आधीचा ब्रेक

शर्यतीच्या ट्रॅकवर हौसेखातर गाडी पळवणाऱ्याला दोन गोष्टी सुधारता येतात, गाडी आणि स्वतःचं चालवणं. पहिली विकत मिळते, तिचं बिल येतं, मित्रांना बॉनेट उघडून दाखवता येते. दुसरी दिसत नाही आणि तिच्याबद्दल बोलायचं तर आधी स्वतःच्या चुका मोजाव्या लागतात. त्यामुळे पहिला पगारवाढीचा हप्ता हातात पडला की नवे शॉकअप येतात, रुंद टायर येतात, आणि चालवणं होतं तिथेच राहतं. यावर जाणत्यांचा ठरलेला सल्ला असतो, ‘आधी चालवायला शीक, मग गाडीला हात लाव.’ सल्ला बरोबर आहे, पण तो बहुतेक वेळा नम्रतेचा धडा म्हणून दिला जातो आणि तसाच ऐकून सोडून दिला जातो. खरं कारण नम्रतेचं नाही, मोजमापाचं आहे. ज्याचे लागोपाठचे लॅप एकमेकांशी जुळत नाहीत, त्याला गाडीतला बदल चांगला झाला की वाईट, हे कळायचा मार्गच नसतो. गाडीची परीक्षा घेणारं उपकरण तो स्वतःच असतो, आणि उपकरणच डुलत असेल तर आकड्यांना अर्थ राहत नाही.

आधी ‘सेटअप’ म्हणजे नेमकं काय ते पाहू. इंजिनाची ताकद वाढवणं वेगळं. सेटअप म्हणजे आहे त्या गाडीच्या चारही टायरांना जमिनीवर जास्तीत जास्त काम करता यावं अशी त्यांची मांडणी. हॅचबॅक गाडी वळणात झुकते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या टायरांवर भार येतो आणि ते वरच्या अंगाने बाहेर कलंडतात, म्हणजे टायर सपाट टेकण्याऐवजी बाहेरच्या कडेवर घासू लागतो. म्हणून ट्रॅकवरच्या गाडीची पुढची चाकं आधीच वरून आत कललेली ठेवतात, दोन-तीन अंशांपर्यंत. याला कॅम्बर म्हणतात, आणि रस्त्यावरच्या गाडीत तो जेमतेम अर्धा-एक अंश असतो. चाकांची तोंडं किंचित बाहेर ठेवली की गाडी वळणात चटकन शिरते, हा झाला टो. पुढच्या किंवा मागच्या दोन चाकांना जोडणारी लोखंडी दांडी, म्हणजे अँटी-रोल बार, जाड केली की त्या टोकाला गाडी कमी झुकते, पण त्या टोकाच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार पडतो. इथे टायरचा एक स्वभाव आडवा येतो. भार दुप्पट केला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, त्याहून थोडी कमीच वाढते. त्यामुळे एका टायरवर जास्त आणि दुसऱ्यावर कमी भार असण्यापेक्षा दोघांवर सारखा असला तर जोडीची एकूण पकड जास्त मिळते. कुठलं टोक किती धरेल हे सेटअप करणारा बहुतांशी याच एका स्वभावावर खेळून ठरवतो. आणि या सगळ्यांत स्वस्त, सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित बदल म्हणजे हवा. टायर दहा अंश सेल्सिअसने तापला की ३० पीएसआयच्या टायरमध्ये सुमारे दीड पीएसआयची भर पडते. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर सकाळी सातला भरलेली हवा आणि दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तेवढीच भरलेली हवा, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून अनुभवी मंडळी गाडी पिटमध्ये थांबताक्षणी, टायर गरम असतानाच हवा मोजतात. टायरच्या खांद्यावर खडूची आडवी रेघ ओढून ठेवतात. चार लॅपनंतर रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते पाहिलं की टायर कडेवर किती लोळतोय हे कळतं. रेघ अख्खी शिल्लक असेल तर हवा जास्त आहे, कडेच्या खालपर्यंत पुसली असेल तर कमी. खडूचा तुकडा आणि हवा मोजायचा चांगला गेज, एवढ्या साहित्यात बरंच काही समजतं.

आता हिशेब करू, कारण वाद हिशेबावरच सुटतो. ६० मीटर त्रिज्येचं काटकोनी वळण धरा. चांगल्या टायरवर गाडी ते ताशी ८७ किलोमीटरच्या आसपास पार करते. वळणातला वेग पकडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे सेटअपमुळे पकड दोन टक्क्यांनी वाढली तर वेग एकच टक्का वाढतो, ताशी एका किलोमीटरहूनही कमी. त्या वळणात वाचणारा वेळ आहे सेकंदाचा पंचविसावा भाग. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटर लांब आहे आणि त्यात १२ वळणं आहेत. सगळी वळणं अशीच मानली तरी अख्ख्या लॅपची कमाई अर्ध्या सेकंदाच्या आतच राहते, आणि दोन टक्के पकड हा काही छोटा बदल नव्हे. नुसत्या अलाइनमेंटच्या एका फेरफारातून तो मिळाला तर मेकॅनिकचा सत्कार करायला हवा. आता दुसऱ्या पारड्यात चालकाला बसवा. सरळ रस्त्याच्या शेवटी ताशी १५० ने येताना त्याने ब्रेक दहा मीटर आधी दाबला. दहा मीटर म्हणजे अडीच गाड्यांची लांबी, त्या वेगाला पाव सेकंद. वळणाचा वेग दहा मीटर आधीच गाठला गेल्यामुळे तेवढं अंतर त्याला १५० ऐवजी ८७ ने कापावं लागतं. तोटा, साधारण ०.१७ सेकंद. अशी तीन वळणं झाली की मघाची बाराही वळणांची कमाई गेली. वळणातून बाहेर पडताना ताशी तीन किलोमीटर कमी वेग मिळाला तर पुढच्या ३०० मीटरच्या सरळीत आणखी दीड दशांश सेकंद जातो, कारण तो कमी वेग वळणापाशी संपत नाही, पुढच्या ब्रेकपर्यंत सोबत येतो. आणि हौशी चालकाचा ब्रेक दर लॅपला दहा काय, वीस-वीस मीटर इकडेतिकडे होत असतो. त्याच्या दहा लॅपच्या वेळांत दीड-दोन सेकंदांचं अंतर सहज पडतं. अशा वेळांवरून अर्ध्या सेकंदाचा फरक शोधायला निघणं म्हणजे वखारीतल्या काट्यावर सोनं तोलणं. काटा खोटा नसतो, पण तो त्या कामाचा नाही.

यावर ‘पण मला फरक जाणवला ना’ हे उत्तर हमखास येतं, आणि ते खोटं नसतं. बदल केल्यावर गाडी वेगळी वाटते. ताठ शॉकअपमुळे गाडी झटपट हलते, आवाज वाढतो, स्टेअरिंग जड होतं, आणि आपल्याला ते वेगवान वाटतं. घड्याळही कधीकधी दुजोरा देतं. पण दुपारच्या सत्रात वेळ सुधारली त्याचं श्रेय बदललेल्या दांडीलाच का द्यायचं? सकाळपासून ट्रॅकवर रबर बसलेलं असतं, टाकीतलं वीस लिटर पेट्रोल संपून गाडी पंधरा किलोंनी हलकी झालेली असते, आणि मुख्य म्हणजे चालकाला तोच ट्रॅक आणखी पंचवीस लॅप ओळखीचा झालेला असतो. एवढी कारणं एकाच दिशेला ओढत असताना सेटअप जुना असो की नवा, दुपारची वेळ सुधारणारच. यावर उपाय जुना आहे आणि कंटाळवाणा आहे. मूळ सेटअपवर लॅप घ्यायचे, एकच बदल करायचा, लॅप घ्यायचे, आणि मग बदल काढून पुन्हा मूळ सेटअपवर यायचं. तिसऱ्या खेपेला वेळ पहिल्या खेपेइतकी मागे गेली तर बदलात तथ्य आहे. तिसरी खेप दुसऱ्याहूनही चांगली निघाली तर सुधारला तो चालक, गाडी नव्हे. ही तिसरी खेप बहुतेक जण टाळतात. ट्रॅकवरचा वेळ महाग असतो, मिळालेली सुधारणा काढून टाकायला मन धजत नाही, आणि मनातल्या मनात भीती असते की ती सुधारणा नव्हतीच.

ज्यांनी गाडीच्या चालण्याचं शास्त्र उभं केलं त्यांनाही ही अडचण चुकली नाही. अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेन गावाच्या रस्त्यांवर २ ऑक्टोबर १९४८ रोजी पहिली शर्यत झाली. साधारण १०.६ किलोमीटरचा लॅप, उतरंड, पूल, कच्चा रस्ता. त्यात बिल मिलिकेन नावाचा विमानांच्या चाचण्या घेणारा अभियंता हौस म्हणून आपली बुगाटी घेऊन उतरला आणि एका वळणावर गाडी उलटी करून बसला. वळणाला ‘मिलिकेन्स कॉर्नर’ हे नाव पडलं ते कायमचं. पुढे याच मिलिकेनने बफलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत सहकाऱ्यांसोबत मोटारीच्या हाताळणीचा अभ्यास केला. विमानाची स्थिरता मोजायच्या पद्धती त्यांनी गाडीला लावल्या, १९५६ मध्ये लंडनच्या अभियंत्यांपुढे निबंध वाचले, आणि १९९५ मध्ये त्याने मुलासोबत लिहिलेला शर्यतीच्या गाड्यांवरचा जाडजूड ग्रंथ आजही अभियंत्यांच्या टेबलावर असतो. या कामाची एक खुबी आपल्या मुद्द्याशी थेट जोडलेली आहे. गाडीचा स्वभाव शोधताना त्यांनी चालकाचं कौशल्य आधी बाजूला काढलं. स्टेअरिंगला ठरावीक हिसका द्यायचा आणि गाडी काय करते ते उपकरणांनी नोंदवायचं. सावरासावर करायची नाही. मार्क डोनोह्यूची गोष्टही तीच. यांत्रिकीचा पदवीधर, हौशी शर्यतींतून वर आलेला, १९७२ ची इंडियानापोलिस ५०० जिंकणारा हा चालक पेन्स्के संघासाठी मोकळ्या पटांगणावर ठरावीक वर्तुळात गाडी फिरवून पकड मोजायचा. वर्तुळात ब्रेक नसतो, वळण चुकत नाही, फक्त गाडी आणि टायर उरतात. त्याच्यासारख्या कसलेल्या चालकालाही सेटअप तपासताना स्वतःचं चालवणं शक्य तितकं कमी करून घ्यावंसं वाटलं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. सप्ताहअखेर हौस करणाऱ्याकडे ना उपकरणांची ती फौज, ना तसं पटांगण. त्याला चालकाचा गोंधळ बाजूला काढायचा एकच मार्ग खुला आहे, गोंधळ कमी करण्याचा.

इथपर्यंतचा युक्तिवाद फक्त घड्याळाचा झाला. त्याहून गंभीर बाब अशी की अस्थिर चालक गाडीचं निदानच चुकवतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकची सर्वांत मोठी तक्रार असते अंडरस्टीअरची, म्हणजे स्टेअरिंग वळवलं तरी गाडी नाकासमोर सरकत राहते. तक्रारीत तथ्य आहे. इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, वळायचं पुढच्या टायरांनी, ओढायचंही त्यांनीच. पण वळणाच्या तोंडाशी होणारा अंडरस्टीअर अनेकदा पायातून आलेला असतो. चालकासकट १,०८० किलोंची गाडी जोरात ब्रेक लावताना जवळजवळ २०० किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्यांवर येतो. याच भारामुळे पुढचे टायर त्या क्षणी घट्ट धरून असतात. चालकाने ब्रेक एकदम सोडून दिला तर तो भार झटक्यात मागे पळतो, आणि नेमक्या त्याच क्षणी तो स्टेअरिंग वळवत असतो. ज्या टायरने वळवायचं त्याच्याच अंगावरून वजन निघून गेलेलं. हाच ब्रेक त्याने हळूहळू, स्टेअरिंग जसं वळेल तसतसा सैल सोडला असता तर पुढची पकड वळणाच्या मध्यापर्यंत टिकली असती. या कसबाला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. टायरची पकड एकूण ठरलेली असते. ती थांबण्यात खर्चा नाहीतर वळण्यात, दोन्ही पूर्ण एकदम मिळत नाहीत. ट्रेल ब्रेकिंग म्हणजे एकातून काढून घेत दुसऱ्याला देत जाणं, मध्ये खंड न पडू देता. हे न जमणारा चालक पिटमध्ये येऊन सांगतो, गाडी वळत नाही. मेकॅनिक बिचारा मागचा अँटी-रोल बार जाड करतो. आता वळणात मागचं आतलं चाक हवेत उचललं जातं, मागची पकड कमी होते, पुढची तुलनेने वाढते, आणि गाडी खरंच वळू लागते. सगळे खूश. मग एखाद्या वेगवान वळणात, समोरची गाडी घसरली म्हणून, हा चालक दचकून ॲक्सिलरेटर सोडतो. भार पुढे येतो, आधीच अर्धी सैल झालेली मागची बाजू सुटते, गाडी उलटी फिरून मातीत जाते. हळू वळणातली पायाची चूक बारने झाकली, आणि ती वेगवान वळणात वसूल झाली. जाड बार वाईट नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांना तो लावतातच. पण तो कशावरचा इलाज आहे हे माहीत असलेल्याने लावावा.

याउलट बाजूने एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. वाईट गाडीवर शिकलेला वाईट सवयीच शिकतो. ज्या गाडीचा ब्रेक तिसऱ्या लॅपला खाली बसतो तिच्यात ब्रेकिंग पॉइंट पक्का कसा करायचा? हे पूर्ण मान्य करायला हवं, आणि म्हणूनच ‘गाडीला हातच लावू नका’ असं म्हणणं चूक ठरेल. डॉट ४ दर्जाचं नवं ब्रेक फ्लुइड निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये अशी अट असते. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलेल्या फ्लुइडसाठी तीच अट १५५ अंशांची आहे. मुंबई-कोकणाच्या हवेत दोन पावसाळे काढलेलं फ्लुइड घेऊन ट्रॅकवर जाणं म्हणजे संकटाला आवतण. रस्त्यावरचे ब्रेक पॅड तापल्यावर धरत नाहीत. कॅम्बर शून्याजवळ असेल तर टायरची बाहेरची कड एका दिवसात झिजून जाते. म्हणून नवं फ्लुइड, ट्रॅकचे पॅड, चारही चाकांची नीट अलाइनमेंट, गाडीला झेपेल तेवढा कॅम्बर, एकाच जातीचे चार टायर, एवढं आधीच करावं, आणि मग हात आखडावा. यातली एकही गोष्ट वेळ कमी करण्यासाठी नाही. ती पुढच्या लॅपला गाडी तशीच राहावी यासाठी आहे. म्हणजे आक्षेपातूनही तोच निकष हाती येतो. सुरुवातीच्या सेटअपने वेग द्यायचा नसतो, सातत्य द्यायचं असतं.

दुसरा आक्षेप व्यावसायिकांचा दाखला देतो. फॉर्म्युला वनमध्ये दशांश सेकंदासाठी रात्र रात्र सेटअप चालतो, मग आपण का नको? कारण तिथला चालक लागोपाठचे लॅप एक-दोन दशांशांच्या आत देतो. त्याचा काटा सोनाराचा आहे. तिथे पोचल्यावर सेटअपच निर्णायक ठरतो, यात वाद नाही. पण हौशी पातळीवर काय निर्णायक ठरतं हे पाहायचं असेल तर एकसारख्या गाड्यांच्या शर्यती पाहाव्यात. फोक्सवॅगनने २०१० मध्ये भारतात पोलो कप सुरू केला. रस्त्यावरची पोलो पुण्याजवळ चाकणला तयार व्हायची, आणि शर्यतीत सगळ्यांना कंपनीने सांभाळलेल्या, एकाच घडणीच्या गाड्या मिळायच्या. अशा कुठल्याही स्पर्धेत पहिल्या आणि शेवटच्या गाडीत लॅपमागे काही सेकंदांचं अंतर पडतं. त्या सेकंदांचं खापर फोडायला बार नसतो, शॉकअप नसतो. प्रत्येकाच्या हाताला वेगळा सेटअप लागतो, हा मुद्दाही यातच येतो. लागतो हे खरं, पण हात आधी ठरलेला हवा. आज आक्रमक आणि उद्या सावध चालवणाऱ्याच्या कुठल्या हाताला सेटअप जुळवायचा?

मग सातत्य मोजायचं कसं? सर्वोत्तम लॅप हा त्याचा सर्वांत फसवा आकडा आहे, आणि नेमका तोच सगळे सांगत सुटतात. त्याऐवजी ट्रॅकचे तीन-चार तुकडे करून प्रत्येक तुकड्याची आपली सर्वांत चांगली वेळ घ्यावी आणि बेरीज करावी. ही बेरीज आणि प्रत्यक्षातला सर्वोत्तम लॅप यांत जेवढं अंतर, तेवढा वेग चालकाकडे आजच आहे, फक्त एका लॅपमध्ये एकत्र येत नाही. जीपीएसवर चालणारी नोंदयंत्रं हे आपोआप करतात, पण त्यांतही डोळस असावं लागतं. सेकंदाला एकदाच जागा टिपणारं फोनमधलं ॲप ताशी १५० च्या वेगाला दर ४२ मीटरला एक ठिपका देतं, आणि आपण तर दहा मीटरच्या ब्रेकमागे आहोत. सेकंदाला दहा नोंदी घेणारं यंत्र हवं, म्हणजे ठिपके चार-चार मीटरवर पडतात. वेगाचा आलेख एकावर एक ठेवला की ब्रेकची उतरंड दर लॅपला कुठे सुरू होते ते स्पष्ट दिसतं. नवख्याच्या आलेखात ती विसकटलेल्या केसांसारखी पसरते आणि मुरलेल्याच्या आलेखात जवळजवळ एकच रेघ उमटते. घरच्या सिम्युलेटरबद्दल जुनी मंडळी नाकं मुरडतात, कारण त्यात पोटात गोळा येत नाही. पण त्याचा एक गुण कुठल्याच ट्रॅकला नाही. तिथे ऊन, रबर, पेट्रोल सगळं गोठवून ठेवता येतं. तरीही वेळा सेकंदभर हलत असतील तर ते हलणं सर्वस्वी आपलं, दुसऱ्या कुणाच्या माथी मारताच येत नाही.

शेवटचा आक्षेप हिशेबाचा नाही, जिव्हाळ्याचा आहे. हौशी माणूस विश्वविजेता व्हायला आलेला नसतो. रात्री जागून गाडी खोलण्यातच त्याचा अर्धा आनंद आहे, तो कशाला हिरावून घ्यायचा? हिरावू नयेच. या खटपटीला थोर परंपरा आहे. कॉलिन चॅपमनने १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर पहिली गाडी बांधली आणि त्यातून पुढे लोटस उभी राहिली. आपल्याकडे कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन लावून फॉर्म्युला मारुती ही छोटी एकआसनी गाडी घडवली. परदेशी गाडी आणणं मूठभरांनाच परवडण्याच्या काळात त्यांनी ही खटपट केली ती मात्र स्वतःची एक गाडी इतरांपेक्षा वेगवान व्हावी यासाठी नव्हे, सारख्या आणि स्वस्त गाड्या अनेकांच्या हाती पडाव्यात आणि चालकाला चालकाशी भिडता यावं यासाठी. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. त्यांच्या नावाचा कारी मोटर स्पीडवे कोइम्बतूरजवळ २००३ मध्ये उभा राहिला. तो अवघा २.१ किलोमीटरचा आहे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, त्याला फॉर्म्युला वनचं वलय आणि एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता, त्यामुळे फोटो तिथले काढले जातात. पण पुण्या-मुंबईहून हजाराहून जास्त किलोमीटर गाडी नेऊन वीस मिनिटांची सत्रं विकत घेणाऱ्याने जरा गणित करावं. कारीवर लॅप सव्वा मिनिटाचा धरला तर वीस मिनिटांत सोळा होतात, बुद्धवर अडीच मिनिटांचा धरला तर आठ. एकाच वळणाला एकाच खुणेपाशी ब्रेक दाबायची संधी कारीवर दुप्पट वेळा मिळते, टायरही त्याच त्याच वळणांत सारखे तापतात, आणि चुकलेला ब्रेक विसरण्याआधीच तेच वळण पुन्हा समोर येतं.